दालबाजारातील भाव आणि पुस्तकाचे मोल

लष्करातील दालबाजार आम्हां ग्वाल्हेरकरांना व्यवहाराचे पहिले पाठ देतो. तूर, चणा, मसूर, मूग यांच्या पोत्यांच्या थप्प्या, हातगाड्यांची गर्दी, अडत्यांच्या गाद्या आणि सकाळपासून चाललेली भावांची घासाघीस पाहत येथील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या बाजाराचा नियम सरळ आहे. व्यापाऱ्याच्या गोदामातून एक पोते बाहेर पडले, की त्याच्याजवळचे एक पोते कमी होते. घेणाऱ्याने पैसे मोजले तर व्यवहार झाला. न मोजता उचलले तर चोरी झाली. याविषयी शहाण्याला शंका नाही आणि अडाण्यालाही नाही.

आता ज्या मोबाइलवर आपण डाळीचा भाव विचारतो, त्याच मोबाइलवर एखाद्या गाजलेल्या मराठी कादंबरीची पीडीएफ येऊन पडते. पाठवणारा बहुधा नात्यातला, स्नेहातला असतो. "वाचून पाहा, फार सुंदर आहे," असे चार आपुलकीचे शब्दही तो सोबत लिहितो. त्याच्याजवळची प्रत कमी झालेली नसते. प्रकाशकाच्या गोदामातील एकही पुस्तक हललेले नसते. मग चोरी झाली कोठे? हा प्रश्न पुष्कळ सज्जन माणसे प्रामाणिकपणे विचारतात. त्यांना नीतीचे दोन श्लोक ऐकवून गप्प बसवणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचा विचारही नीट हिशेबाने करावयास हवा.

प्रथम शब्दांविषयी थोडे. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावाने खपवणे याला आपण वाङ्मयचौर्य म्हणतो. पायरसी हा प्रकार निराळा आहे. तिच्यात मुखपृष्ठावर लेखकाचे नाव जसेच्या तसे राहते, त्याची वाहवाही होते, फक्त त्याच्या कष्टाचे मोल त्याला मिळत नाही. थोडक्यात, वाङ्मयचौर्यात लेखकाचे नाव जाते. पायरसीत नाव राहते आणि पोट जाते. पदपथावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या, पुसट छपाईच्या आणि पाने गळणाऱ्या प्रती ही तिची जुनी तऱ्हा होती. नव्या तऱ्हेत कागद नाही, शाई नाही आणि विकणाराही बहुधा नाही. जो तो फुकट वाटतो आहे. दानाचे पुण्य मात्र दुसऱ्याच्या कोठारातून चालले आहे.

पहिल्या प्रतीचा खर्च

डाळ आणि पुस्तक यांतील भेद अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डाळीच्या शंभराव्या पोत्याला पहिल्या पोत्याइतकेच कष्ट लागतात. तितकेच शेत, तितकेच पाणी, तितकीच मजुरी. पुस्तकाचे तसे नाही. त्याची पहिली प्रत फार महाग असते आणि पुढच्या प्रती त्या मानाने स्वस्त. संगणकीय प्रत तर जवळजवळ फुकटच निघते. पायरसीचा सगळा घोटाळा या एका गोष्टीतून उद्भवतो. आपल्या हाती येते ती शेवटची, फुकट निघणारी प्रत. पहिल्या प्रतीचा खर्च आपल्या दृष्टीस पडत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, अडीचशे पानांचे एक मराठी पुस्तक आहे आणि त्याची एक हजार प्रतींची आवृत्ती काढावयाची आहे. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांना चाळीस हजार रुपये लागले. कागद, छपाई व बांधणी मिळून दर प्रतीला ऐंशी रुपये, म्हणजे आणखी ऐंशी हजार. एकूण एक लाख वीस हजार. पुस्तकाची किंमत तीनशे रुपये ठेवली. त्यातील चाळीस टक्के वितरक आणि विक्रेता यांचे, म्हणजे एकशेवीस रुपये. दहा टक्के लेखकाचे मानधन, म्हणजे तीस रुपये. प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे दीडशे रुपये उरले. याचा अर्थ असा, की आठशे प्रती खपेपर्यंत घातलेला पैसाच परत येत नाही. हजारही प्रती खपल्या तर प्रकाशकाला तीस हजार आणि लेखकाला तीस हजार. त्या खपण्यास दोन-तीन वर्षेही लागू शकतात, आणि लेखकाने ते लिहिण्यात किती वर्षे घातली ती वेगळीच.

आता यातील अडीचशे वाचकांनी फाइलवर भागवले आणि पुस्तक घेतले नाही असे धरा. साडेसातशे प्रती खपल्या. प्रकाशकाला साडेसात हजारांची खोट आली. लेखकाचे मानधन साडेबावीस हजारांवर आले. रक्कम दालबाजारातील एखाद्या अडत्याला किरकोळ वाटेल. परंतु तो प्रकाशक त्या लेखकाचे दुसरे पुस्तक काढताना दहा वेळा विचार करील. येथे कोणी म्हणेल, की फाइल मिळालेल्या हजार माणसांपैकी नऊशेंनी ते पुस्तक एरवीही विकत घेतले नसते. हे म्हणणे खरे आहे. प्रत्येक फाइल म्हणजे एक बुडालेली विक्री, असा जो हिशेब मोठ्या कंपन्या मांडतात, तो फुगवलेला असतो. पण छोट्या आवृत्तीत उरलेल्या शंभर-दोनशे माणसांवरच सगळी मदार असते.

हाच मुद्दा चित्रपटाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. 'सैराट' २०१६ मध्ये प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची प्रत इंटरनेटवर फुटली. तरीही त्या चित्रपटाने मराठीतील उत्पन्नाचे सर्व पूर्वीचे उच्चांक मोडले. हे पाहून काहींनी असा निष्कर्ष काढला, की पायरसीने कोणाचे काही बिघडत नाही, उलट जाहिरात होते. हा निष्कर्ष महापुरात तरलेल्या वटवृक्षाकडे बोट दाखवून रोपांना धीर देण्यासारखा आहे. एक हजार प्रतींचा कवितासंग्रह, दोन आठवडे चालणारा साधा चित्रपट, बालकांसाठी काढलेले चित्रांचे पुस्तक ही ती रोपे होत. इंग्रजी पुस्तकाला साऱ्या जगाचा वाचक असतो. मराठी पुस्तकाचा वाचक मराठीच असतो, आणि विकत घेऊन वाचणारा त्याहून थोडा.

पडद्यामागून ऐकलेले गाणे

ग्वाल्हेरला या विषयावर बोलण्याचा एक जुना अधिकार आहे. दौलतराव शिंद्यांच्या काळातील एक कथा येथल्या संगीतपरंपरेत सांगितली जाते. दरबारात बडे महंमद खाँ नावाचे थोर ख्यालगायक होते. त्यांची तानबाजी असामान्य होती आणि ती ते परक्या कोणास शिकवीत नसत. हद्दू खाँ व हस्सू खाँ या तरुण बंधूंनी महाराजांच्या संमतीने पडद्याआड बसून कित्येक महिने त्यांचे गाणे ऐकले, ते कंठगत केले आणि एके दिवशी भर दरबारात गाऊन दाखवले. आपली विद्या अशा रीतीने घेतली गेली हे कळताच खाँसाहेब दुखावले आणि ग्वाल्हेर सोडून गेले, असे परंपरा सांगते.

या कथेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. त्या पडद्यामागच्या श्रवणातून ग्वाल्हेर गायकीला जे तेज चढले, त्याची फळे साऱ्या महाराष्ट्राने चाखली आहेत. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, अशी ती गंगा ग्वाल्हेरहून दक्षिणेस वाहत गेली. विद्या एकाच घरात कोंडून राहिली असती तर हे घडते ना. तेव्हा विद्येचा प्रसार नकलेवाचून होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. शाळेत मुलाला आपण अक्षर गिरवायला लावतो ती नक्कलच असते.

परंतु कथेचा शेवट विसरता येत नाही. गाणे राहिले आणि गाणारा निघून गेला. ज्याचे होते त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याची किंमत त्या नगराने एका थोर कलावंताला मुकून दिली. शिवाय एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. हद्दू-हस्सूंनी ऐकलेले गळ्यावर चढवण्यासाठी साधना केली, त्यात स्वतःची भर घातली, पुढे ते शिष्यांना मुक्त हस्ताने दिले. बोटाने पडद्यावर एक टिचकी मारून पाचशे जणांकडे कादंबरी धाडणाऱ्याने यातले काहीच केलेले नसते.

याच नगरात पुढे विद्याप्रसाराची एक अधिक न्याय्य वाट निघाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेतून सर्वांस खुल्या केल्या. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. तत्पूर्वी १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले होते. या संस्थांमुळे जी विद्या पूर्वी गंडा बांधल्यावाचून मिळत नसे, ती सामान्य घरातल्या मुलाला वर्गात बसून मिळू लागली. तरी गुरूचा चरितार्थ बुडाला नाही, कारण त्याला वेतन मिळत होते. शिष्याला स्वस्त आणि गुरूला पुरेसे, या दोन टोकांमधला खर्च कोणीतरी उचलला होता. कोठे दरबाराने, कोठे संस्थेने, कोठे समाजाने.

मला वाटते, आपल्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. विद्या फुकट मिळू शकते. विद्या निर्माण मात्र फुकट होत नाही. पहिल्या प्रतीचा खर्च वाचकाने किंमत देऊन उचलावा, दात्याने आश्रय देऊन उचलावा, अथवा शासनाने व समाजाने उचलावा. या वाटांपैकी एकही न धरता प्रत उचलणे, म्हणजे तो सगळा भार एकट्या लेखकाच्या डोक्यावर ठेवणे होय.

कायदा काय म्हणतो

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. त्या सुमारास दुरुस्ती करून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. योगायोग असा, की ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा मृत्यूही १९४१ चाच. रवींद्रनाथांसाठी केलेली दुरुस्ती त्यांच्या कवितेलाही लागू झाली. २००२ पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता कोणीही छापाव्या, वाटाव्या, संगणकावर ठेवाव्या. त्यात ना गुन्हा, ना पाप.

साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला आणि त्यानंतर 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली. मुदत संपलेली पुस्तके ही समाजाची सामायिक मिळकत असते. तिच्याकडे आपले लक्ष मात्र फार कमी जाते. जे हक्काने फुकट मिळते ते सोडून जे मिळू नये त्यामागे धावण्याची आपल्याला सवय लागली आहे.

साठ वर्षे ही मुदत फार लांब आहे काय, असाही प्रश्न विचारता येईल. ज्या मेकॉलेसाहेबाचे शिक्षणविषयक टिपण आपण शाळेपासून ऐकत आलो, त्यानेच १८४१ मध्ये इंग्लंडच्या लोकसभेत मृत्यूनंतर साठ वर्षांच्या मुदतीला विरोध केला होता. लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकावर बसवलेला हा कर आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. कर आवश्यक आहे हे त्याला मान्य होते. गरजेपेक्षा एक दिवसही अधिक तो चालू नये, एवढेच तो सांगत होता. लेखकाच्या पणतवंडांना उत्पन्न मिळावे म्हणून कोणी कादंबरी लिहीत नाही, हे आपणही मान्य करू. परंतु मुदत लांब आहे या तक्रारीचा आधार घेऊन गेल्या वर्षी निघालेले पुस्तक फुकट वाटता येत नाही.

कायद्याने वाचकाला काही सवलतीही दिलेल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी व संशोधनासाठी केलेला वाजवी उपयोग, समीक्षेसाठी घेतलेला उतारा आणि वर्गातील अध्यापनासाठी केलेली नक्कल यांना तो अपराध मानत नाही. दृष्टिहीन व अन्य दिव्यांग वाचकांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत तयार करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे गठ्ठे तेथे छायाप्रतींच्या रूपाने विकले जात. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो दावा फेटाळला. अपिलातही शिक्षणासाठी लागणाऱ्या नकलेचे तत्त्व उचलून धरले गेले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आम्हां शिक्षकांना हा निकाल दिलासा देणारा आहे. पण तो वर्गापुरता आहे. मंडळाच्या गटावरील शेकडो सभासदांना अख्खे पुस्तक पाठवणे म्हणजे अध्यापन नव्हे आणि खासगी अभ्यासही नव्हे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, एवढेच.

वाजवी किंमत म्हणजे काय

येथपर्यंत वाचकाची बाजू तपासली. आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. कारण तराजूला पारडी दोन असतात, आणि दालबाजारात वजनमापे विक्रेत्याचीच तपासतात.

पायरसी केवळ लोकांच्या अनीतीमुळे फोफावते, हे खरे नाही. जेथे किंमत अवाजवी असते अथवा माल मिळतच नाही, तेथे ती हमखास वाढते. ध्वनिफितींचे उदाहरण घ्या. १९८० पूर्वी आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा बाजार जवळजवळ एकाच कंपनीच्या हाती होता. फिती महाग आणि दुकाने थोडी. त्या दशकात टी-सीरीजने कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली, किमती खाली आणल्या आणि फिती किराणा दुकानांपर्यंत पोहोचवल्या. श्रोता कोठेच गेलेला नव्हता, तो परवडणाऱ्या किमतीची वाट पाहत होता. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या तबकड्या अठ्ठावीस आणि चौतीस रुपयांना विकावयास काढल्या. पदपथावरची बनावट तबकडी आणि दुकानातील अस्सल तबकडी यांच्या किमतीत फारसे अंतर उरले नाही, तेव्हा कित्येकांनी आपण होऊन अस्सल घेतली. ती कंपनी पुढे अन्य अनेक कारणांनी बुडाली. पण माणूस मुळात चोर नसतो, एवढे तिने दाखवून दिले.

तरीही स्वस्ताईने सगळे साधते असे नाही. एनसीईआरटीची पुस्तके स्वस्त, शिवाय तिच्या संकेतस्थळावर फुकटही मिळतात. असे असूनही ऑगस्ट २०२० मध्ये मेरठला सुमारे पस्तीस कोटी रुपयांची बनावट पाठ्यपुस्तके पकडली गेली. कारण शाळा उघडण्याच्या दिवसांत अस्सल पुस्तके दुकानात वेळेवर मिळत नाहीत आणि बनावट पुस्तकावर विक्रेत्याला सूट अधिक मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये एनसीईआरटीने नववी ते बारावीच्या पुस्तकांच्या किमती वीस टक्क्यांनी उतरवल्या, हे चांगलेच झाले. पण वेळेवर पोहोचणे हाही वाजवी किमतीचा भाग आहे, हे या प्रकरणातून कळते.

शास्त्रीय नियतकालिकांची गोष्ट त्याहून वेगळी. तेथे लेख लिहिणाऱ्या संशोधकाला मोबदला मिळत नाही, तपासणाऱ्यालाही बहुधा नाही. प्रकाशनसंस्था मात्र जबर वर्गणी घेते. म्हणूनच साय-हब नावाच्या बेकायदा संकेतस्थळाला जगभरातील संशोधकांची सहानुभूती लाभली. भारतात प्रकाशकांनी त्याविरुद्ध २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश निघाला. दरम्यान केंद्र शासनाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके देशातील सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. एकोणीसशे अठरामध्ये जे दरबाराने केले, त्याचाच हा विस्तृत अवतार म्हणता येईल. एक जण किंमत देतो, पुष्कळांना विद्या मिळते.

मराठी कादंबरीचा प्रश्न या दोहोंहून निराळा पडतो. येथे लेखकाचे मानधन खपावरच अवलंबून असते आणि प्रकाशकही कुबेर नसतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. पण कागद आणि छपाई यांवरचा कर प्रकाशकाला परत मिळत नाही, तो किमतीत मिसळतो. तेव्हा पुस्तक महाग झाले याचा सगळा दोष प्रकाशकाला देणे बरोबर होणार नाही. त्याचा दोष दुसरीकडे आहे. गाजलेली पुस्तके वर्षानुवर्षे 'आवृत्ती संपली' म्हणून पडून राहतात. ई-पुस्तके काढण्यास पुष्कळ प्रकाशक कचरतात. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरील कर २०१८ मध्ये अठराचा पाच टक्के झाला, तरी ई-पुस्तकाची किंमत छापील पुस्तकाला भिडवून ठेवणारे आढळतात. कागद नाही, गोदाम नाही, टपाल नाही, मग ती बचत वाचकापर्यंत का येऊ नये? आणि जे पुस्तक कोणत्याही किमतीत मिळत नाही, त्याची किंमत वाजवी आहे असे म्हणता येत नाही.

आपण काय करावे

ग्वाल्हेरचे मराठी ग्रंथांशी नाते जुने आहे. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा कुसुमावती देशपांडे येथूनच बोलल्या. पुण्याहून हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या या नगरात मराठी पुस्तक टिकले, ते मंडळांच्या कपाटांमुळे आणि सणासुदीला महाराष्ट्रातून आणलेल्या पिशव्यांमुळे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते आणि त्यातून पुस्तके घेतली जातात. आपण त्या छत्राबाहेर आहोत. आपल्या वाट्याचा खर्च आपणच उचलावयाचा आहे. 'आम्ही दूर राहतो, पुस्तके मिळत नाहीत, म्हणून फाइल घेतो' ही सबब पूर्वी काही अंशी पटण्याजोगी होती. आता तिच्यात तितका जोर उरलेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केले, तेव्हा ग्रंथप्रेमींना वाईट वाटले. परंतु १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. तिच्या आरंभीच्या दरांप्रमाणे तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. पाच किलोंत मध्यम आकाराची बारा-पंधरा पुस्तके सहज मावतात. म्हणजे दहा-बारा घरांनी मिळून एकत्र मागणी नोंदवली, तर पुस्तकामागे टपालखर्च दहा रुपयांच्या आसपास पडतो. प्रकाशनपूर्व सवलत ही तर मराठीची जुनी, सुंदर रीत आहे. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या 'ग्रंथाली'सारख्या चळवळींनी वाचकांना सभासद करून घेऊन स्वस्तात पुस्तके दिली. वाचक आधी पैसे देतो, प्रकाशकाला पहिल्या प्रतीचा खर्च हाती मिळतो, त्याबदल्यात तो किंमत उतरवतो. यात कोणाचेच नुकसान नाही.

ज्यांना खरोखरच खर्च झेपत नाही, अशा विद्यार्थ्यांनी आणि वृद्धांनी तरी फाइलकडे का जावे? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मराठी विश्वकोश सर्वांना खुला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके फुकट उतरवून घेता येतात. मुदत संपलेले जुने साहित्य तर अफाट आहे. आणि विकत घेतलेले छापील पुस्तक वाचून दुसऱ्याला देणे हा आपला अबाधित हक्क आहे. एक प्रत दहा घरे फिरली तर कायदा आडवा येत नाही, लेखकही आनंदतो. कारण त्या प्रतीचे मोल एकदा दिले गेलेले असते आणि ती एका वेळी एकाच्याच हाती असते.

आपल्या मंडळांसाठी एक छोटासा नियम सुचवावासा वाटतो. गटावर पुस्तकाची फाइल पाठवू नये. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, किंमत आणि ते कोठे मिळते एवढे पाठवावे. "वाचून पाहा, फार सुंदर आहे," हे आपुलकीचे शब्द खुशाल सोबत असावेत. कोणी फाइल पाठवलीच, तर त्याला चारचौघांत चोर म्हणण्याचे कारण नाही. मंडळाच्या कपाटात ते पुस्तक आणावयाचे आहे, वर्गणी किती देता, असे त्याला विचारावे. आणि जे पुस्तक कोठेच मिळत नसेल, त्यासाठी प्रकाशकाला पत्र लिहावे. दहा वाचकांची पत्रे एकाच पुस्तकासाठी एका गावाहून गेली, तर नवी आवृत्ती काढण्याचा विचार करण्यास त्याला कारण मिळेल.

लेखकाला मोल देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. त्याचे यापुढचे पुस्तक आपल्याला हवे आहे की नाही, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. आपल्या नातवंडांच्या हाती नवे मराठी पुस्तक पडावे अशी इच्छा असेल, तर त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीतला आपला वाटा आजच भरला पाहिजे.